संत लुई : एका राजाचें चरित्र व त्याचीं साधनें

१

फ्रान्सचा राजा नववा लुई हा इ. स. १२२६ पासून १२७० पर्यंत गादीवर होता. त्याच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनीं पोप आठवा बॉनिफेस यानें त्यास संत म्हणून जाहीर केलें. पोपच्या रीतसर निर्णयानें संतपद पावलेला फ्रान्सचा राजा एवढा एकच. त्याचें चरित्र युरोपीय भाषांतून पुष्कळांनीं लिहिलें आहे. तेंच पुनः सांगावें एवढाच येथें हेतु नाहीं. जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्यांस त्या चरित्रांतील एक प्रश्न विशेष विचार करण्याजोगा वाटेल. ज्या पुरुषाविषयीं लिहिणारे बहुतेक सर्व त्याचे भक्तच आहेत, त्याचें खरें चरित्र कसें काढावें, हा तो प्रश्न होय.

मीमांसकांनीं स्तुतिपर वाक्यांचे, म्हणजे अर्थवादाचे, तीन प्रकार केले आहेत. जें वाक्य दुसऱ्या प्रमाणाच्या विरुद्ध जातें तो गुणवाद. त्याचा अक्षरार्थ सोडून त्यांतून सुचविलेला गुण तेवढा घ्यावयाचा. दुसऱ्या प्रमाणानें जें आधींच ठरलें आहे तेंच जें वाक्य सांगतें तो अनुवाद. आणि ज्यास अन्य प्रमाणाचा विरोधहि नाहीं व आधारहि नाहीं तो भूतार्थवाद. ही विभागणी वेदवाक्यांसाठीं केलेली आहे हें खरें. तथापि संतचरित्रें व बखरी वाचतांना ती फार उपयोगीं पडते. लुईच्या चरित्रास ती लावून पाहावी व शेवटीं काय हातीं लागतें तें वाचकांपुढें ठेवावें, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम चरित्राची रूपरेषा थोडक्यांत सांगतों.

लुईचा जन्म ता. २५ एप्रिल १२१४ रोजीं पॅरिसनजीक प्वासी येथें झाला. बाप आठवा लुई नोव्हेंबर १२२६ मध्यें वारला, व त्याच महिन्याच्या २९ व्या तारखेस बारा वर्षांच्या या मुलास रीम्स येथें राज्याभिषेक झाला. राज्यकारभार आई ब्लांश हिनें पाहिला. ती कॅस्तीलच्या राजाची मुलगी. बाई करारी होती. बंडखोर सरदारांस तिनें आवरलें आणि मुलास कडक धर्माचरणांत वाढविलें. १२३४ मध्यें प्रोव्हॉन्सच्या मार्गरितशीं लुईचा विवाह झाला. त्यांना अकरा अपत्यें झालीं.

कॉन्स्टँटिनोपलचा लॅटिन बादशहा कर्जांत बुडाला होता. ख्रिस्ताच्या मस्तकावरचा म्हणून पूज्य मानलेला काटेरी मुकुट व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला होता. लुईनें तो सोडवून १२३९ मध्यें फ्रान्समध्यें आणला व त्याच्यासाठीं पॅरिसच्या राजवाड्यांत सँत शापेल हें मंदिर बांधलें. मंदिराची प्रतिष्ठा ता. २६ एप्रिल १२४८ रोजीं झाली. १२४४ च्या डिसेंबरांत लुई मरणोन्मुख आजारी पडला असतां त्यानें धर्मयुद्धाची शपथ घेतली होती. त्याप्रमाणें तो १२४८ च्या ऑगस्टमध्यें एग-मोर्त बंदरांतून निघाला. जून १२४९ मध्यें मिसर देशांतील दमिएत्ता शहर त्याच्या हातीं आलें. पण पुढच्या फेब्रुवारींत मन्सूरा येथें त्याचा भाऊ रोबेर मारला गेला, फौजेंत रोग पसरला, आणि एप्रिल १२५० मध्यें राजा स्वतः कैद झाला. खंडणी भरून व दमिएत्ता परत देऊन तो सुटला. त्यानंतर चार वर्षें पॅलेस्टाइनांत राहून त्यानें एकर, जाफा वगैरे ठिकाणांची तटबंदी केली, व १२५४ मध्यें तो स्वदेशीं परतला.

यापुढचीं सोळा वर्षें त्याच्या कीर्तीचीं होत. अधिकाऱ्यांच्या वर्तनासंबंधीं त्यानें १२५४ मध्यें विस्तृत हुकूम काढला. द्वंद्वयुद्धानें निवाडा करण्याची चाल आपल्या खासगी मुलुखांत बंद केली. अरागॉन व इंग्लंड यांच्याशीं तह केले. इंग्लंडच्या राजाचें व त्याच्या सरदारांचें भांडणहि १२६४ मध्यें निवाड्यासाठीं त्याच्याचपुढें आलें. १२७० मध्यें तो दुसऱ्यांदा धर्मयुद्धास निघाला, आणि ट्यूनिसनजीकच्या छावणींत ता. २५ ऑगस्ट रोजीं रोगानें मृत्यु पावला. त्याच्या अस्थि पुढील वर्षीं मे महिन्यांत पॅरिसजवळील सें-दनी येथें पुरण्यांत आल्या.

३

आतां साधनांकडे वळूं. मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत पोप दहावा ग्रेगरी याच्या सांगण्यावरून जॉफ्रुआ द बोल्यू या डोमिनिकन भिक्षूनें लुईचें चरित्र लॅटिनमध्यें लिहिलें. हा सुमारें वीस वर्षें राजाचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरु होता. त्यास पुरवणी जोडली गियोम द शार्त्र यानें. तो राजाबरोबर मिसरांत कैदेंत होता. दोघांनाहि माहिती भरपूर होती; परंतु हा पुरुष संत ठरावा या हेतूनेंच दोघेहि लिहीत होते, हें विसरतां येत नाहीं.

रीतसर चौकशी १२८२ च्या मे महिन्यांत सें-दनी येथें सुरू झाली व १२८३ च्या मार्चपर्यंत चालली. राजाच्या आचरणाविषयीं ३८ व त्याच्या समाधीजवळ घडलेल्या चमत्कारांविषयीं ३३० साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. निकाल मात्र आणखी चौदा वर्षें लागला नाहीं. मध्यंतरीं पोप बदलले, कागद पुनः पुनः तपासले गेले. एका गाढवाला वाहून नेतां येणार नाहीं एवढें लिखाण या प्रकरणीं झालें आहे, अशा अर्थाचे उद्गार स्वतः बॉनिफेसनें काढले होते. अखेर ता. ११ ऑगस्ट १२९७ रोजीं ऑर्व्हिएतो येथें निर्णय जाहीर झाला. त्या वेळीं बॉनिफेसचा लुईचा नातू चौथा फिलिप याच्याशीं पाद्र्यांवरील कराच्या बाबतींत वाद होऊन नुकताच समेट झालेला होता, हेंहि ध्यानांत ठेवावें.

दुर्दैव असें कीं, हें गाढवाचें ओझें आज उरलेलें नाहीं. कांहीं तुकडे सांपडले आहेत, त्यांत राजाचा भाऊ शार्ल याच्या जबानीचा अंश आहे; बाकीचें दप्तर नष्ट झालें. त्याचा सारांश मात्र एका ग्रंथांत राहिला आहे. राणी मार्गरितचा धर्मगुरु गियोम द सें-पातुस या फ्रान्सिस्कन भिक्षूनें १३०२-०३ च्या सुमारास चौकशीच्या कागदांवरून चरित्र व चमत्कारांची हकीकत लिहिली. तीहि फ्रेंच भाषांतराच्या रूपानेंच आपल्यापर्यंत आली आहे. पुढें १७३७ मध्यें पॅरिसच्या हिशेबी कचेरीस आग लागून राजघराण्याचे असंख्य जमाखर्च जळाले. त्यामुळें लुईच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्यास मूळ दप्तराऐवजीं नकला, गोषवारे व भाषांतरें यांवरच पुष्कळ ठिकाणीं भागवावें लागतें.

४

या सर्वांहून निराळें साधन म्हणजे जॉइनव्हीलचा ग्रंथ. झां द जॉइनव्हील हा शांपान्य प्रांतांतील वंशपरंपरागत मानकरी. तो मिसरांत राजाबरोबर लढला, कैदेंत पडला, आणि पुढें त्याच्या अगदीं निकटच्या मंडळींत राहिला. १२८२ च्या चौकशींत त्याची जबानी दोन दिवस चालली होती. राणी झान हिच्या विनंतीवरून त्यानें ग्रंथास आरंभ केला. ती १३०५ मध्यें वारल्यामुळें १३०९ मध्यें पुरा झालेला ग्रंथ त्यानें तिच्या मुलास, म्हणजे पुढें दहावा लुई झालेल्या राजपुत्रास, अर्पण केला. लेखकाचें वय त्या वेळीं ऐंशीच्या पुढें होतें.

जॉइनव्हील हा भक्त खराच. परंतु आंधळा भक्त नव्हे. महारोगी होण्यापेक्षां तीस महापातकें केलेलीं बरीं, असें आपण राजास तोंडावर सांगितल्याचें व राजानें आपणांस रागें भरल्याचें तो स्वतःच लिहितो. पांच वर्षें सहवासांत असतां राजानें आपल्यापाशीं राणीचा व मुलांचा विषयहि काढला नाहीं. स्वतःच्या बायकामुलांशीं असें परकेपणानें वागणें बरें नव्हे, असा त्याचा शेरा आहे. सासूच्या धाकामुळें पॉंतुआजच्या वाड्यांत राजाराणीस जिन्यांत चोरून भेटावें लागे, हें राजवैभवास न शोभणारें वृत्तहि त्याच्याचकडून कळतें. दुसऱ्या धर्मयुद्धास येण्यास त्यानें साफ नकार दिला. पहिल्या वेळीं आपण दूर असतां आपल्या रयतेचे हाल झाले, हें त्याचें कारण. विषयाचें यथार्थ ज्ञान आणि फसविण्याच्या इच्छेचा अभाव हीं आप्ताचीं लक्षणें धरलीं, तर लुईच्या चरित्रकारांत आप्त हें नांव यासच अधिक साजतें.

या ग्रंथाच्या पोथ्यांचा इतिहास संग्राहकांनीं मुद्दाम पाहण्याजोगा आहे. राजपुत्रास अर्पण केलेली प्रत नाहींशी झाली. १५४७ मध्यें प्वातिए येथें पहिली छापील आवृत्ति निघाली. तिच्या संपादकानें जुनी भाषा ओबडधोबड समजून मजकूर आपल्या काळच्या फ्रेंचमध्यें बदलून टाकला, आणि ज्या पोथीवरून त्यानें काम केलें ती पुढें हरवली. १६१७ मध्यें मेनारनें दुसऱ्या पोथीवरून आवृत्ति काढली. तीहि पोथी आज नाहीं. १६६८ मध्यें द्यु कांजसारख्या प्रकांड पंडितास हातांत एकहि पोथी नसतां या दोन छापील आवृत्त्यांच्या आधारेंच काम करावें लागलें. म्हणजे दोनशें वर्षें विद्वान् लोक जॉइनव्हील म्हणून जें वाचीत होते, तें त्याच्या शब्दांपासून बरेंच दूर होतें.

पुढें १७४६ मध्यें सेनापति मॉरिस द साक्स यानें ब्रसेल्स शहर जिंकलें, आणि तेथल्या संग्रहांतील चौदाव्या शतकांतली एक पोथी पॅरिसच्या राजग्रंथालयांत आली. तिजवरून १७६१ ची आवृत्ति निघाली. याच्या थोडें आधीं इटलींतील लुक्का येथें सोळाव्या शतकांतील एक पोथी सांपडली होती. त्याच शतकांतील आणखी एक रीम्स येथें मिळाली. एकोणिसाव्या शतकांत नातालिस द वायी यानें एक नवी युक्ति योजिली. जॉइनव्हीलच्या स्वतःच्या कचेरींतून निघालेलीं फ्रेंच दानपत्रें व करारपत्रें शिल्लक होतीं. त्यांतील लेखनपद्धति व विभक्तिरूपें पाहून त्यानें ग्रंथाची मूळ भाषा बसवून काढली. १९९५ मध्यें झाक मोंफ्रँ यांनीं प्रसिद्ध केलेली आवृत्ति पुनः मुख्य पोथीच्या पाठाकडे वळली. पोथीचा पाठ ठेवावा कीं अनुमानानें काढलेलें मूळ रूप छापावें, हा वाद आपल्याकडील संपादकांसहि अपरिचित नाहीं.

५

आतां वर सांगितलेली विभागणी कांहीं प्रसंगांना लावून पाहूं.

खंडणीचा प्रसंग घ्या. जॉइनव्हील म्हणतो कीं, एकंदर चार लक्ष लिव्र ठरले; त्यांतील दोन लक्ष दमिएत्ता सोडण्यापूर्वीं भरावयाचे होते. पैसा तराजूंत तोलून देण्यास दोन दिवस लागले. तीस हजार कमी पडले तेव्हां टेंपलर पंथाच्या अधिकाऱ्यानें नियमावर बोट ठेवून पैसा नाकारला, आणि जॉइनव्हीलनें पेटी फोडण्यासाठीं कुऱ्हाड उचलली. तोलतांना आपण शत्रूस दहा हजारांनीं फसविलें असें कोणी सांगतांच राजा संतापला व ती रक्कम भरल्याशिवाय जहाज हलवूं देईना. खर्चाचा जो गोषवारा पुढच्या शतकांत तयार झाला व सुदैवानें राहिला, त्यांत खंडणीखातीं सुमारें १,६७,००० लिव्र पडले आहेत, व १२४८ ते १२५४ पर्यंतचा एकूण खर्च १५ लक्ष ३७ हजारांवर दिला आहे. आंकडे जुळत नाहींत. परंतु मोठी रक्कम प्रत्यक्ष दिली गेली ही गोष्ट दोन स्वतंत्र साधनांनीं ठरते. तेवढा भाग अनुवाद झाला. दहा हजारांचा हट्ट हा भूतार्थवाद. त्यास जॉइनव्हीलच्या शब्दाखेरीज आधार नाहीं, आणि तो खोटा मानण्यास कारणहि नाहीं.

व्हॅंसेनच्या रानांत ओकच्या झाडाखालीं बसून राजा वाटेल त्याची फिर्याद ऐके, हें चित्र फ्रान्समधील शाळकरी मुलांनाहि पाठ असतें. तेंहि जॉइनव्हील एकटाच देतो, म्हणून भूतार्थवादांतच घातलें पाहिजे. परंतु त्याच्या मागें जी न्यायबुद्धि उभी केली आहे तिला मात्र दुसरा आधार आहे. पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेच्या निवाड्यांचीं ‘ओलिम’ नांवाचीं पुस्तकें १२५४ पासूनच्या निवाड्यांनीं सुरू होतात. कूसीच्या आंगेराँ नांवाच्या बड्या सरदारानें आपल्या रानांत शिकार करणाऱ्या तीन तरुणांस फांशीं दिलें, तेव्हां राजानें त्याला १२५९ मध्यें अटकेंत घातलें. सगळे सरदार त्याच्या बाजूस उभे राहिले, तरी जबर दंड घेतल्यावांचून त्यास सोडलें नाहीं.

समाधीजवळचे चमत्कार गुणवादांत येतात. ते घडले कीं नाहीं हा इतिहासाचा प्रश्न नव्हे. परंतु त्या हकीकतींत साक्ष देणारीं माणसें कोण, कोठून आलीं, कोणता धंदा करीत होतीं, दुखणें कसें जडलें, हें सर्व बारकाईनें लिहिलें आहे. त्यांत गरीब व कष्टकरी स्त्रीपुरुष पुष्कळ आहेत. तेराव्या शतकांतील पॅरिसच्या सामान्य लोकांची एवढी जवळची माहिती दुसरीकडे क्वचितच मिळते.

सर्वांत महत्त्वाचें साधन मात्र कोणत्याहि चरित्रकाराचें नाहीं. धर्मयुद्धास निघण्यापूर्वीं, १२४७ मध्यें, लुईनें आपल्या मुलखांत चौकशीसाठीं माणसें पाठविलीं. त्यांत बरेचसे भिक्षु होते. आपल्या व आपल्या पूर्वजांच्या अधिकाऱ्यांनीं कोणाचें अन्यायानें काय घेतलें तें विचारून लिहून आणावें व तें परत करावें, असा त्यांस हुकूम होता. या तक्रारींचीं चर्मपत्रें बरींच शिल्लक असून लेओपोल्द दलील यानें तीं १९०४ मध्यें छापून काढलीं. त्यांत शेतें हिसकावल्याच्या, भलते दंड घेतल्याच्या, घोडा किंवा धान्य उचलून नेल्याच्या तक्रारी आहेत. विधवा आहेत, खेडूत आहेत, लहानसहान सावकार आहेत. राजाची न्यायप्रीति यापेक्षां चांगल्या रीतीनें सिद्ध होणें कठीण. कारण स्तुति करावी हा लिहिणाऱ्याचा किंवा सांगणाऱ्याचा हेतूच नव्हता. परंतु हेच कागद असेंहि सांगतात कीं, या न्यायप्रिय राजाच्या नांवानें त्याचे कामगार रयतेस लुबाडीत होते.

६

वरील तीन प्रकारांत न बसणारी एक गोष्ट उरते, आणि आपणां पोथ्या जमविणाऱ्यांना ती टाळून पुढें जातां येणार नाहीं.

जॉफ्रुआ द बोल्यू लिहितो कीं, पूर्वेकडे असतां लुईच्या कानांवर एका मुसलमान सुलतानाची गोष्ट आली. त्या सुलतानानें आपल्या पंडितांसाठीं ग्रंथ शोधून, लिहवून घेऊन मोठें ग्रंथालय केलें होतें. आपण ख्रिस्ती होऊन याबाबतींत मागें राहावें हें लुईस लागलें. परत आल्यावर त्यानें निरनिराळ्या मठांतील धर्मग्रंथांच्या प्रती लिहवून घेतल्या व सँत शापेलच्या खजिन्याच्या जागेंत ठेविल्या. तयार पोथी विकत घेण्यापेक्षां नवी नक्कल करविणें त्यास पसंत असे. कारण त्यामुळें जगांतील ग्रंथांची संख्या वाढते. तो स्वतः तेथें वाचीत बसे व इतरांसहि वाचूं देई. मृत्युपत्रानें त्यानें हे ग्रंथ पॅरिसचे डोमिनिकन व फ्रान्सिस्कन भिक्षु, र्‍वायोमों येथील मठ वगैरेंस वांटून दिले. ग्रंथसंग्राहकास इतका जवळचा वाटणारा राजा मध्ययुगांत दुसरा सांपडणें कठीण.

परंतु याच राजाच्या आज्ञेनें पॅरिसमध्यें ग्रंथांची होळी झाली होती. निकोला दोनँ नांवाच्या धर्मांतर केलेल्या ज्यूनें तालमूद या ज्यू धर्मग्रंथाविरुद्ध पोप नववा ग्रेगरी याच्याकडे तक्रार केली. पोपनें १२३९ मध्यें फ्रान्स, इंग्लंड, अरागॉन, कॅस्तील, पोर्तुगाल इत्यादि देशांच्या राजांस व धर्माध्यक्षांस पत्रें लिहून ते ग्रंथ जप्त करण्यास सांगितलें. तें मनावर घेतलें एकट्या लुईनें. १२४० च्या मार्चमध्यें पोथ्या जप्त झाल्या. जून महिन्यांत राजमाता ब्लांशच्या देखत पॅरिसच्या यहिएल नांवाच्या ज्यू पंडिताचा दोनँशीं वाद झाला. आणि १२४२ च्या सुमारास चोवीस गाडे भरून पोथ्या चव्हाट्यावर जाळण्यांत आल्या. छापण्याची कला युरोपांत येण्यास अजून दोनशें वर्षें अवकाश होता. जळालें तें सर्व हातांनीं लिहिलेलें होतें.

या प्रसंगावर रोटेनबर्गच्या मेईर या पंडितानें रचलेलें शोकगीत ज्यू लोक आपल्या उपवासाच्या दिवशीं अद्यापि म्हणतात. बाबिलोनी तालमुदाची जवळजवळ संपूर्ण अशी जुनी पोथी आज जगांत एकच आहे. ती १३४२ मध्यें, म्हणजे या होळीनंतर शंभर वर्षांनीं, लिहिलेली असून म्यूनिकच्या ग्रंथालयांत आहे. आरोप सिद्ध करण्यासाठीं फिर्यादी पक्षानें तालमुदांतील उताऱ्यांचें मोठें लॅटिन भाषांतर करविलें होतें. तें मात्र सुखरूप राहिलें.

येथें अर्थवादाची विभागणी लंगडी पडते. ज्या गोष्टीस चरित्रकार भूषण मानतात तीच पुढील काळास दूषण वाटते. ती खोटी म्हणून टाकतां येत नाहीं, कारण अनेक साधनांनीं ती ठरलेली आहे. ज्यूंविषयीं राजास असलेला तिटकारा गियोम द शार्त्रनें गुण म्हणूनच नोंदविला आहे. जॉइनव्हीलहि सांगतो कीं, अशा लोकांशीं वाद करणें हें पंडितांचें काम. सामान्य माणसानें तरवार चालवावी, असें राजा म्हणे. पुढें १२६९ मध्यें ज्यूंनीं अंगावर वेगळी खूण लावावी असा हुकूमहि त्यानें काढला. ‘तो काळच तसा होता’ एवढ्यानें याचें समाधान होत नाहीं. कारण तेंच पत्र पोंचलेल्या दुसऱ्या राजांनीं पोथ्या जाळल्या नाहींत. रयतेचा घोडा परत करविणारी आणि पोथ्यांचे गाडे जाळणारी धर्मबुद्धि एकच होती. आपल्या राज्यांतील प्रत्येक पापाचा जबाब आपणांस द्यावा लागेल, असें त्या राजास मनापासून वाटत असे. आणि पाप कशास म्हणावें हें तो धर्मपीठाकडून शिकला होता.

७

प्रसिद्ध फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ यांनीं १९९६ मध्यें लुईवर जो बृहद्ग्रंथ लिहिला, त्यांत संत लुई खरोखर होता काय, असा प्रश्न त्यांनीं मुद्दाम विचारला आहे. स्तुतीच्या ठरीव सांच्यांतून खरा माणूस बाहेर काढतां येतो काय, असा त्याचा आशय. वरील विवेचनावरून याचें उत्तर होकारार्थी द्यावें लागतें; मात्र तें उत्तर एका ग्रंथांत मिळत नाहीं. जॉफ्रुआचें चरित्र, जॉइनव्हीलच्या आठवणी, हिशेबाचा गोषवारा, खेडुतांच्या तक्रारी व एका परधर्मी पंडिताचें शोकगीत हीं शेजारीं शेजारीं ठेविलीं म्हणजे तो माणूस दिसूं लागतो.

संग्राहकांच्या दृष्टीनें त्यांत आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. संतपदासाठीं जमविलेलें, पोपच्या दरबारीं जपून नेलेलें दप्तर गेलें, आणि कोणा खेडुतानें आपल्या गेलेल्या घोड्याविषयीं सांगितलेलें चार ओळींचें टिपण राहिलें. मोठ्या पुरुषांच्या पोथ्या आपण आवर्जून घेतों व त्यांच्याबरोबर आलेले फुटकळ अर्ज, यादी, हिशेब बाजूस काढतों. एखाद्या घराण्याचें दप्तर हातीं आल्यास तें न निवडतां सबंध ठेवावें, व दुसऱ्या पक्षाचे कागद कोठें असतील त्याचाहि शोध घ्यावा, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.